गाय इकडे, वासरू तिकडे

वसुबारसेला मला गाय-वासरू हवं होतं. चित्रातलं नव्हे, खरं. मुलगा शिकायला कायझर्सलाउटर्नला गेलेला, आमचे हे प्रोजेक्टसाठी चीनला, आणि रेगेन्सबर्गच्या घरात मी एकटी. भिंतींशी बोलायची वेळ आली होती. मुलासाठी एवढा उपास करायचा, तर पूजाही नीट करावी म्हटलं, आणि हळदकुंकवाचं तबक घेऊन बसने गावाबाहेरच्या डेअरी फार्मवर गेले. आधी फोन करून विचारलं होतं, हो.

तिथे काम करणारी बाई स्पेनची. जर्मन तिचंही माझ्यासारखंच मोडकंतोडकं. गोठ्याला ती ‘एस्ताब्लो’च म्हणे. मी अर्थ विचारला. तिच्या आजोळी म्हणे गाई, घोडे, गाढव सगळी एका छपराखाली बांधत, तो एस्ताब्लो. मला गंमत वाटली. आपल्याकडे गाईला गोठा, घोड्याला तबेला, ज्याचं त्याचं बिऱ्हाड वेगळं.

पण गाईपाशी वासरू कुठे दिसेना. विचारलं तर तिनं बाहेर बोट दाखवलं. अंगणापलीकडे पांढऱ्या प्लास्टिकच्या खोपट्यांची रांग, एकेका खोपट्यात एकेक वासरू. जन्मल्यावर लगेच वेगळं करतात म्हणाली. हा कसला मेला एस्ताब्लो! दोन मिनिटं आणा की आईजवळ, म्हणून मी गयावया केली.

“नको,” ती म्हणाली. “एकदा भेटली की दोघं दिवसच्या दिवस हंबरतात.”

मग काय, गाईच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं आणि तेच तबक घेऊन अंगण ओलांडून वासराकडे गेले. त्यानं माझी बोटं चोखायला घेतली. तिथे मात्र मला रडू आवरेना. बाईनं कागदी रुमाल पुढे केला.

बसची वाट बघत होते तेव्हा मुलाचा फोन आला. मी मराठीत बोलायचं आणि त्यानं जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, हे आमचं नेहमीचंच. दिवाळीला त्याला जेमतेम एक रात्र मोकळी मिळत होती. ‘आल्झो’, म्हणजे ‘तर मग’, एका रात्रीसाठी येऊन काय करू, असं त्याचं म्हणणं. शिवाय, म्हणाला, मी निघताना तू रडतेस, मग माझा पाय निघत नाही, त्यापेक्षा नाताळातच सावकाश येतो.

“रडू दे की मला,” मी म्हटलं. “तू ये.”