वरणाची बादली

वरणाची बादली काकूंनी माझ्या हातातून काढून घेतली, तेव्हा मी जेमतेम तिसऱ्या पानापर्यंत पोचले होते. मध्य प्रदेशातल्या देवासच्या आमच्या मराठी मंडळाचं गणपतीतलं जेवण. पंगत बसलेली. मंडळाचा स्वयंपाक, वाढप सगळं या काकूंच्या हाती.

"तू राहू दे. नंतर उष्टी पानं उचल," काकू म्हणाल्या. आवाज गोड.

सकाळी आम्ही लिंबं चिरत होतो. काकूंनी सहज विचारलं, "तुमच्याकडे गौरी उभ्या की खड्यांच्या?" मी म्हटलं, "आमच्याकडे बुद्धवंदना असते." त्यांनी लिंबांची परात हळूच स्वतःकडे ओढली. मला तेव्हा काही कळलं नाही. मूर्खच मी.

बाबा कारखान्यातल्या नोकरीसाठी अकोल्याहून इथे आले. रश्मी आणि स्नेहल माझ्या कॉलेजपासूनच्या मैत्रिणी, इथल्या मराठा संस्थानाच्या जुन्या दरबारी घरांतल्या. दोन वर्षं आम्ही तिघी दर रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये मुलांना मराठी वाचायला शिकवत होतो. हिंदी शाळेतली मुलं, 'ळ' आला की अडायची. "तुझं मराठी किती स्वच्छ गं," असं काकूच म्हणायच्या. माझं मराठी चाललं. माझ्या हातचं वरण नाही.

पंगतीत काकूंची नात होती, ओवी. माझ्याच वर्गातली. तिने वाटी पुढे केली. "ताई, मुझे भी वरण."

"मी वाढते तुला," काकू म्हणाल्या.

ओवी माझ्याकडे बघत राहिली.

रश्मी भात वाढत होती, स्नेहल मीठ. दोघींनी ऐकलं होतं. जवळून जाताना रश्मी पुटपुटली, "जाने दे ना यार. जुनी माणसं आहेत." आणि तिने पुढच्या पानावर भात वाढला. काकूंचं मला एवढं लागलं नाही. रश्मीचा तो भात लागला. अजून लागतो.

पंगत उठली. मी दहा-बारा पानं उचलली. मग थांबले. चळत काकूंसमोर ठेवली. "काकू, सेवाच आहे. तुम्हीही उचला." हात धुतले आणि उपाशी घरी आले. वाटभर रडले.

आता रविवारचा वर्ग आमच्या वस्तीतल्या विहारात भरतो. आधी सगळ्यांनी एका पातेल्यातली खिचडी खायची. वाढते मीच. ओवी येत नाही. तिचा 'ळ' कच्चाच राहिला, त्याचं वाईट वाटतं.

रश्मीचा फोन आला होता. "हॉलमध्येच घे ना वर्ग. काकूंशी मी बोलते."

"पंगतीत बोलायचं होतंस," मी म्हटलं.

हॉलची मुलं येवोत न येवोत, खिचडीचा नियम बदलणार नाही. ज्याला माझ्याकडून अक्षर हवं, त्याने आधी माझ्या हातचं खावं.