थांबे पुकारणारी

शाळेच्या बसमध्ये दाराजवळच्या एकट्या सीटवर जी बाई बसायची तिला पोरं मोजणीबाई म्हणत. ती पोरं चढताना एकदा आणि उतरताना एकदा बोटानं डोकी मोजायची, आणि आकडा जुळल्याशिवाय नवऱ्याला "चला" म्हणायची नाही. हो, नवऱ्यालाच. बस तिचा नवराच चालवायचा. सव्वीस वर्षं त्या चाकावर त्याचा हात होता आणि एका पोराच्या गुडघ्याला कधी खरचटलं नव्हतं. हे तो स्वतः कधी सांगत नसे, लोक सांगत. मोठेपण असं दुसऱ्याच्या तोंडून आलेलंच बरं दिसतं.

मोजणीबाईचं शिक्षण दहावीवर थांबलेलं. मग संसार, मग ही बस. चाळिशी उलटल्यावर एका वर्षी पहिलीतली एक मुलगी बसमध्ये यायला लागली. घरी म्हणे पोपटासारखी बोलायची, पण बसची पायरी चढली की तोंडाला कुलूप. अख्खं वर्ष एक शब्द नाही. कुणी म्हणालं हट्टी आहे, कुणी म्हणालं लाडावली आहे. मोजणीबाईला ते पटेना. या कुलपाला किल्ली असणार आणि ती कुणाला तरी ठाऊक असणार, असं तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच. तिनं बारावी बाहेरून दिली आणि विद्यापीठाच्या उन्हाळी वर्गात मानसशास्त्राला नाव घातलं. शाळेला सुट्टी लागली की बस पत्र्याच्या छपराखाली विसावायची आणि मोजणीबाई खांद्याला पिशवी लावून निघायची. सहा आठवड्यांत एक विषय. दोन उन्हाळ्यांत दोन विषय सुटले. ही हकिगत तिसऱ्या उन्हाळ्याची.

वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. खिडक्यांना जाळ्या, भिंतीला ओल, बाकांवर जुन्या मुलांनी कोरलेली नावं. शिकायला येणारे सगळे पोटापाण्याला लागलेले लोक: नर्सा, शिक्षिका आणि एक निवृत्त कंपाउंडर. तो मोजणीबाईच्या शेजारी बसायचा आणि सांगायचा, "घरी बायको बोलू देत नाही. इथं निदान झोपू देतात."

शिकवायला पांढऱ्या केसांच्या एक मॅडम होत्या. त्या उन्हाळ्याचा विषय होता स्मृती. पुस्तकातला भाग त्यांनी चार आठवड्यांत संपवला आणि मग प्रत्येकाला एक प्रयोग दिला. घरातल्या एका माणसाला पंधरा शब्द वाचून दाखवायचे, आठवतील तेवढे त्यानं सांगायचे. असं पाच वेळा करायचं. मग अर्धा तास दुसरं काहीतरी बोलायचं आणि पुन्हा विचारायचं. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला त्या शास्त्रात प्रयुक्त म्हणतात.

"एक ध्यानात ठेवा," मॅडम म्हणाल्या, "मदत करायची नाही. मान हलवायची नाही, भुवई उचलायची नाही, ओठसुद्धा हलवायचे नाहीत. प्रयुक्त अडला तर अडू द्या. पेन्सिलीनं लिहा आणि खोडरबर घरातून बाहेर ठेवून या."

मोजणीबाईनं प्रयुक्त म्हणून नवऱ्याला धरलं आणि मदत करायची नाही हा नियम त्यालाही आधीच सांगून टाकला. दुपारी जेवणं झाल्यावर ती टेबलापाशी कागद घेऊन बसली. नणंद शेजारच्याच घरात राहायची, शिवणकाम करायची. ती ब्लाऊजचे काजे करायला मुद्दाम इकडे येऊन बसली होती.

"दादा, जपून हं," नणंद म्हणाली. "वहिनी आज तुझं डोकं उघडून बघणार आहे."

"बघू दे की. आत काही निघालं तर निम्मं तुला."

"नको बाई. आधीच माझ्याकडं जास्त आहे."

मोजणीबाईनं वाचलं. छत्री, पूल, साबण, घोडा, आरसा, शिडी, असे पंधरा. नवऱ्यानं डोळे मिटून सांगितलं, "छत्री, पूल, घोडा, बादली." बादली यादीत नव्हतीच. तिनं तीन लिहिले. दुसऱ्या फेरीला पाच आले. तिसरीला चार. चौथीला पाच. पुस्तकात लिहिलं होतं की माणूस जिना चढल्यासारखा वर जातो: सहा, नऊ, अकरा, बारा. हा जिना चढेना. एकाच पायरीवर उभा राहून पाय उचलत होता आणि तिथंच ठेवत होता. पाचव्या फेरीला पुन्हा पाच.

"अरे दादा!" नणंदेनं सुई थांबवली. "मी इकडे काजे करत बसलेय तरी मला बारा येतात." आणि तिनं घडाघडा बारा म्हणून दाखवले.

"तू लहानपणापासून आगाऊच," नवरा म्हणाला आणि हसला. मोजणीबाई हसली नाही. तिनं पाचचा आकडा लिहिला.

अर्धा तास तो अंगणात झाडांना पाणी घालत होता. ती दारात जाऊन उभी राहिली. "आता सांगा बघू, यादीतले किती आठवतात?"

नवऱ्यानं नळ बंद केला. "कसली यादी?"

ती त्याच्या डोळ्यांत थट्टा शोधत राहिली. तो थट्टा करायचा तेव्हा त्याची डावी पापणी आधी हलायची. पापणी स्थिर होती. डोळे स्वच्छ होते, रिकाम्या पाटीसारखे.

"काही नाही," ती म्हणाली. "आत या, ऊन लागेल."

मी घाईनं वाचलं असेल, असं तिनं ठरवलं. मध्ये नणंद बोलली, त्यानं मन विचललं असेल. दुसऱ्या दिवशी तिनं दुसरी यादी काढली, दार लावलं, शब्द सावकाश वाचले. आकडे तेच. अर्ध्या तासानंतर तो चिडून म्हणाला, "आता काय परीक्षा घेणार आहेस का रोज?" म्हणजे आदल्या दिवसाचं काहीतरी कुठंतरी राहिलं होतं. त्या चिडण्याचाही तिला आधार वाटला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तो असा.

पण भीती घरात शिरली ती शिरलीच. तिचे पाय वाजत नव्हते. ती चहाच्या कपात दिसायची, कारण त्यानं साखर दोनदा घातलेली असायची. ती खुंटीवर दिसायची, कारण शर्ट खुंटीवरच असायचा आणि तो कपाट उपसत असायचा. मोजणीबाईला वाटायचं, हे सगळं आधीही होतं का? की शिकल्यामुळं मला दिसायला लागलं? ती पुस्तक उघडायची आणि दोन ओळी वाचून मिटायची. शाळा सोमवारी उघडणार होती. एक्केचाळीस पोरं. ती मनात डोकी मोजायची आणि मध्येच आकडा चुकून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

"आकडे जुळत नाहीत हो माझे," तिनं कंपाउंडरला सांगितलं. नवऱ्याचं नाव काढलं नाही.

"अहो, मग शिजवा की! आम्ही सगळ्यांनी शिजवलेत. माझा प्रयुक्त तर आमचा कुत्रा. त्याला बारा आठवले, आणि अर्ध्या तासानं अकरा. हुशार आहे."

तिनं शिजवले. सहा, नऊ, अकरा, बारा, बारा. आलेख काढला. पट्टी धरून रेघ वर नेताना तिला क्षणभर खरंच वाटलं की तो जिना चढतोय. ते कागदावरचं सुख तिनं घटकाभर बघून घेतलं.

गुरुवारी मॅडमनी एकेकाला खोलीत बोलावून जर्नल तपासलं. मोजणीबाईचा आलेख बघून त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"प्रयुक्त कोण?"

"माझे मिस्टर."

"अगदी पुस्तकातल्यासारखे दिसतायत. तीस वर्षं शिकवतेय, पुस्तकातल्यासारखा माणूस मला अजून भेटला नाही. कच्चा कागद कुठंय?"

"राहिला घरी."

"बाई, तुम्ही पोरं मोजता ना? एक कमी भरलं तर काय करता? अंदाजानं भरता?"

मोजणीबाईनं पिशवीतून कागद काढला. दोन दिवसांचे दोन, घडी घातलेले. मॅडम वाचत गेल्या. पेन्सिलीनं लिहिलेल्या शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "कसली यादी?" हे शब्दही तिनं लिहून ठेवले होते.

"काय काम करतात?" त्यांनी हळू विचारलं.

"शाळेची बस चालवतात."

मॅडमनी कागद खाली ठेवला. खोलीत तिसरं कुणीच नव्हतं तरी त्यांनी उठून दार लोटलं. "हे बघा, एका कागदावरून कुणावर शिक्का मारायचा नाही. झोप, औषधं, थायरॉइड, मनावरचं ओझं, शंभर कारणं असतात, काही बरी होणारीही. डॉक्टरांकडं न्या, लवकर न्या. पण शाळा कधी उघडते?"

"सोमवारी."

मॅडमनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. त्यांचं ते बघणं मोजणीबाईला पुस्तकातल्या कुठल्याही पानापेक्षा जास्त कळलं.

शाळा उघडण्याआधीच्या शनिवारी ड्रायव्हरनं आणि मदतनीस बाईनं रिकामी बस घेऊन सगळ्या थांब्यांवरून एक फेरी मारायची, असा त्या शाळेचा नेम होता. कुठं रस्ता खणलाय, कुठं फांदी लोंबतेय, ते बघायचं. दोन दिवस मोजणीबाईच्या ओठावर शब्द येत होते आणि ती ते गिळत होती. सव्वीस वर्षं चाक धरलेल्या माणसाला काय सांगायचं? बघू, पोरं नाहीत, रस्ता रिकामा असतो, असं म्हणून ती सकाळी आपल्या सीटवर बसली.

बस निघाली. पाण्याच्या टाकीपाशी नवऱ्यानं आरशातून तिच्याकडं पाहिलं, आणि सवयीनं तिच्या तोंडून निघालं, "टाकी! डावीकडे!" बस डावीकडे वळली.

आणि तिथंच मोजणीबाई दचकली. थांबे ती मोठ्यानं कधीपासून पुकारते? आधीची वर्षं तर नाही. गेल्या थंडीत यानंच सांगितलं होतं, "पोरं गोंधळतात, थांबा जरा आधीपासून ओरडून सांगत जा." पोरांना ते आवडलं होतं. तीही तिच्याबरोबर ओरडायची. रोज सकाळ-संध्याकाळ ती मदत करत होती, मान हलवून नव्हे, घसा फोडून. तो तिच्या आवाजावर बस चालवत होता. काखेत कळसा होता आणि ती गावाला वळसा घालून विद्यापीठात जिने चढत होती.

तिनं ओठ दातांखाली धरले.

पुढचे दोन थांबे सरळ रस्त्यावरचे. ते त्यानं बरोबर घेतले आणि तिला रडू येईल इतकं बरं वाटलं. मग दवाखान्यामागचा फाटा आला. तिथून तीन रस्ते फुटतात. बस हळू झाली. डावा दिवा लुकलुकला, मग उजवा, मग पुन्हा डावा. मागून एका मोटारसायकलवाल्यानं हॉर्न दिला आणि शिवी देऊन पुढं गेला. नवऱ्याचे डोळे आरशात होते.

"अगं, ओरड ना."

तिनं दातांखालचे ओठ सोडले नाहीत.

"घसा बसला का तुझा?" त्यानं हसून विचारलं, पण हसू गालापर्यंत पोचलं नाही.

त्यानं बस बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"किती आले होते माझे?" त्यानं विचारलं. "शब्द. त्या दिवशी."

"पाच."

"पंधरातले?"

"हो."

"आणि नंतर विचारलंस तेव्हा?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"सांग. मदत करायची नाही ना? मग लपवणं म्हणजे मदतच झाली."

"एकही नाही," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली, जणू कुणीतरी रस्त्याची दुरुस्ती सांगत होतं. "तू शिकायला जायला लागलीस तेव्हा मी सगळ्या गावाला सांगत फिरलो. मग भीती वाटायला लागली. वाटायचं, एक दिवस ही कुठल्यातरी पानावर मला गाठणार. थांबे ओरडायला सांगितलं तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. जीभ रेटली नाही."

"सोमवारीच आपण डॉक्टरांकडं जाऊ. बरं होण्यासारखंही असतं काही काही."

"आणि नसेल तर?"

तिनं फोन काढला आणि शाळेच्या कचेरीत लावला. "बस दवाखान्यामागच्या फाट्यावर उभी आहे. दुसरा ड्रायव्हर पाठवा." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, बस चांगली आहे." पुन्हा काहीतरी विचारलं गेलं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. "ड्रायव्हरला बरं नाही," ती म्हणाली. "सोमवारीही येणार नाहीत ते." एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

अर्ध्या तासानं दुसरा ड्रायव्हर आला. तरणा होता, तोंडात शीळ होती. दोघांचे चेहरे बघून ती शीळ थांबली. नवऱ्यानं जागा सोडली आणि मधल्या वाटेत उभा राहिला. त्या बसमध्ये दुसरीकडं कुठं तो कधी बसला नव्हता. शेवटी मोजणीबाईच्या मागच्या, पोरांच्या सीटवर बसला. गुडघे पुढच्या सीटच्या पाठीला टेकले.

बस सुरू झाली. मोजणीबाईनं मागं वळून पाहिलं नाही. पण प्रत्येक वळणाआधी तिला आवाज यायचा, तिच्या सीटखाली, पत्र्यावर. त्याचा उजवा पाय, जिथं ब्रेक नव्हता तिथं, दाबत होता.