काशीवन्संची बावीस बोर

घरात नवं भांडं आणलं तर ते भांडंच राहतं. बंदूक आणली की तिच्या मागोमाग गोष्टी येतात! आमच्याकडे रायफल आली एकच, गोळी म्हणाल तर शेंगदाण्याएवढी. पण आजही चार नातेवाईक जमले की प्रत्येकाच्या तोंडून वेगळी हकिकत निघते, आणि नवख्या माणसाला वाटतं यांच्याकडे पलटणच होती की काय. मी सोमवार सोडायला पानावर बसते, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी म्हणतं, "वहिनी, ते घोड्याचं सांगा ना!" माझा घास हातातच राहतो. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच ठेवावं.

मुळात सगळा खटाटोप नाल्याकाठच्या तीन एकर हरभऱ्यासाठी होता. आमचं गाव उंद्रीपासून दोन कोसांवर. माझी नणंद, काशीवन्सं, लग्नानंतर चार वर्षांतच विधवा होऊन माहेरी परत आल्या. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्यांना तो तुकडा कसायला दिला, पण अट घालून.

"तीन सालात एकदा तरी पीक घरात आणून दाखव, काशे. आणलं तं वावर तुहं. नाही तं गणूच्या वाट्याले जाईन."

गणू म्हणजे माझे धाकटे दीर. पहिल्या साली हरभरा वीतभर झाला आणि सशांनी फस्त केला. वन्सं रडल्या नाहीत. बांधावर बसून एकेक खुडलेला शेंडा पाहत राहिल्या. मी त्याच दिवशी सोळा सोमवार धरले.

*

दुसऱ्या साली आमच्या ह्यांनी पुढाकार घेतला. बहिणीसाठी जीव तुटायचा त्यांचा. आपला जुना कोट, जुना फेटा देऊन शेतात झकास बुजगावणं उभं केलं. लांबून पाहिलं तर मलासुद्धा पदर सावरावासा वाटला!

तिसऱ्या दिवशी सकाळी वन्संनी आम्हाला बोलावलं. बुजगावण्याच्या पायाशी, कोटाच्या सावलीत, एक गलेलठ्ठ ससा कान पाडून निवांत बसला होता.

हे चिडले. "भेत काऊन नाही हा?"

वन्सं म्हणाल्या, "दादा, तुमच्यावानीच हाय ना ते. घरात तरी कोन भेते तुम्हाले?"

*

मग मामंजींनी आपली ठासणीची बंदूक काढली. तिच्यात दारू ठासायची, वरून छर्रे, वरून चिंधी. मामंजींनी दारू अंमळ सढळ हाताने ठासली. मोठ्ठा बार झाला. धूर असा पसरला की मामंजी दिसेनात, गणूभाऊजी दिसेनात, बैलजोडी सुटून थेट गावात!

धूर निवळल्यावर गणूभाऊजींनी विचारलं, "बाबा, ससा कुठं गेला?"

मामंजी डोळे चोळत म्हणाले, "तो कुठं जाते? तो बसूनच होता. आपणच गेलतो!"

चार दिवसांनी शेजारगावचे देशमुख त्यांची बारा बोरची बंदूक घेऊन आले. भाऊजींनी हौसेनं एक बार काढला. ससा पडला खरा, पण छर्र्यांनी हरभऱ्याची अर्धी ओळही झोपवली. भाऊजी स्वतः पाठीवर पडले ते निराळंच. मी त्यांच्या खांद्याला आंबेहळद लावत होते, तर बिचारे कण्हत कण्हत म्हणतात, "वहिनी, सशानं खाल्ला असता तेवढा हरभरा आपणच उडवला, आन् लाथ मले पडली ते वरून!"

*

शेवटी ह्यांनी रोहिणखेडच्या करीमचाचांना आणलं. म्हातारे शिकारी, दाढी पांढरी, नजर मात्र घारीची. त्यांनी शेत चालून पाहिलं, राखणीसाठी लाकडांवर उभारलेला माळा पाहिला, सशांच्या लेंड्या पाहिल्या, नाल्यातले दगड पाहिले, आणि हसले.

"सशाले तोफ काऊन पाह्यजे, पाटील? बावीस बोर घ्या. आवाज टाळीएवढा, धक्का नाही, साठ-सत्तर पावलांवर पक्की. लेकिन एक बात. गोळी ल्हान हाय म्हणून हसू नका, मैलभर जाते ते. माळ्यावर बसा, वरून खाली मारा, म्हणजे गोळी मातीतच गेली पाह्यजे. नाल्याकडं तं कधीच नाही. दगडावर आपटली का कोनाच्या घरी जाईन सांगता येत नाही."

"चालवणार कोन?" त्यांनी पुढे विचारलं.

"मी!" हे म्हणाले. "मी!" भाऊजी म्हणाले, डावा हात वर करून. उजवा अजून वर जात नव्हता.

तेवढ्यात माळ्यावरून वन्संनी गोफण फिरवली. पलीकडच्या बाभळीवर एक होला बसला होता. त्याला काही झालं नाही. त्याच्या पायाखालची काडी तेवढी तुटली आणि तो भुर्रकन उडाला.

चाचांनी बाभळीकडे पाहिलं, मग माळ्याकडे. "नेम चुकला काय हो, बेटी?"

"नाही चाचा," वन्सं वरूनच म्हणाल्या. "पाखराले काऊन मारू? त्यानं उठून जावं, बस."

चाचा आमच्या ह्यांना म्हणाले, "पाटील, तुम्ही दोघं बैल पाहा."

*

आता परवाना. परवाना देणाऱ्या गोऱ्या साहेबांचा मुक्काम उंद्रीच्या आमराईत पडला होता. अर्ज लिहून देणाऱ्यानं आधीच सांगितलं, वाघ-डुक्कर लिहा, सशासाठी बंदूक मागितली तर साहेब हसतील. पण खोटं लिहायला माझं मन घेईना. ह्यांना म्हटलं, "खरंच लिहा, आणि सोबत पुरावा न्या." सशानं तोडलेला शेंडा कात्रीनं कापल्यासारखा तिरका असतो. वन्संनी तसले टोपलीभर डहाळे उपटून दिले.

साहेब हसलेच. "हेअर? ससा? ससा काय खाणार असा?"

हे टोपली दाखवायला वळले, तर टोपली रिकामी! मागे झाडाला बांधलेला साहेबांचा घोडा शेवटचा डहाळा चावत उभा होता.

ह्यांनी टोपली उलटी करून पाहिली. पण देवानं ऐन वेळी बुद्धी दिली. म्हणाले, "साहेब, बांधलेला घोडा इतका खाते. ससा तं मोकळा हाय!"

साहेब पोट धरून हसले आणि तिथंच सही केली. कारकुनानं विचारलं, "शेतावर बंदूक चालवणारा रखवालदार कोण?" ह्यांनी सांगितलं, "माही बहीण." कारकुनानं चष्मा वर केला, साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी मान हलवली. लिहिलं गेलं!

घरी आल्यावर मामंजींनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "कागदावर नाव असलं म्हणून का झालं? घरची लेक बंदूक घेऊन माळ्यावर बसंल? चालवीन तिचा भाऊ."

वन्सं गोफण घेऊन माळ्यावर गेल्या. त्या साली हरभरा असाच गेला. आता एकच साल उरलं.

*

उन्हाळ्यात हे आणि करीमचाचा रायफल आणायला नागपूरला गेले. दुकानदारानं दोन पुढे ठेवल्या. एक दहा गोळ्या पोटात घेणारी, चकचकीत. दुसरी साधी, एक गोळी घाला, एक मारा. ह्यांचं मन अर्थातच चकचकीतवर.

चाचा म्हणाले, "साधी घ्या. एक गोळी असली का माणूस सशाकडं पाहते. दहा असल्या का बंदुकीकडं पाहते."

साधीच आली. आश्विनात खंडेनवमीला मी तिची पूजा मांडली. आमच्याकडे विळे-खुरपी-कुऱ्हाडी सगळ्यांची होते, तर हिची का नको? मी तुपात कुंकू कालवून नळीच्या पुढच्या टोकावरच्या माशीला, म्हणजे नेम धरायच्या त्या दाण्याला, ठसठशीत टिळा लावला. आणि नळीच्या तोंडात झेंडूचं फूल खोवलं. दिसायला इतकी गोड दिसत होती!

दुसऱ्या दिवशी चाचा आले आणि फूल पाहून पांढरेफटक पडले. "या अल्ला! असंच चालवलं असतं तं नळी फुटली असती!" मी तशीच उठले. देवघरात जाऊन नाक घासलं. चाचांनी फूल काढलं, नळी साफ केली, पण तेल लावता लावता कुंकवापाशी थांबले. संध्याकाळ होत आली होती. त्यांनी रायफल खांद्याला लावून पाहिलं, खाली घेतली, परत लावली.

"बेटी," म्हणाले, "चाळीस साल झाले, सांजच्याले माशी दिसत नाही म्हणून रडून राह्यलो. हे लाल टिपकं काऊन नाही सुचलं मले?"

तेव्हापासून रोज दिवेलागणीआधी माझी ड्यूटी ठरली. आधी तुळशीला कुंकू, मग रायफलीला.

*

कार्तिकात हरभरा उगवला आणि मामंजींच्या हुकमाप्रमाणे हे माळ्यावर चढले. मी महादेवापुढे बोलले होते, जेवढे ससे मरतील तेवढे दिवे लावीन. जीव तो जीवच. आपल्या पोटासाठी घेतला तर निदान उजेड तरी द्यावा.

पंधरा दिवस रोज टाळीएवढा आवाज यायचा. पंधरा दिवसांत दिवा एकही नाही! देवळातल्या गुरवांनी काळजीनं विचारलं, "पाटलीणबाई, नवस बोलल्या होत्या ना? तेल सरलं काय?"

"तेल भरपूर आहे हो," मी म्हटलं. "नेम नाही!"

हे बार काढताना दोन्ही डोळे मिटायचे. सोळाव्या दिवशी पहाटे पाहिलं तर नाल्याकडच्या चार ओळी साफ. हे घरी आले, मामंजींसमोर रायफल ठेवली आणि म्हणाले, "बाबा, माह्या हातानं तिचं वावर जाऊन राह्यलं. आता तिले चढू द्या, नाही तं सरळ सांगा का द्यायचंच नव्हतं."

आमच्या ह्यांनी वडिलांसमोर एवढा आवाज जन्मात एकदाच काढला! मामंजी तंबाखू मळत राहिले. 'हो' म्हणाले नाहीत. पण 'नाही'ही म्हणाले नाहीत.

त्याच संध्याकाळी एकच टाळी वाजली. मी पहिला दिवा लावला.

*

आता माझीच एक चूक सांगते. मी वन्संना गळ घातली की सोमवारी गोळी नको. मग म्हटलं, एकादशीलाही नको. चतुर्थीला तर नकोच. चंद्रावरच ससा आहे, त्याच्याकडे पाहून उपास सोडायचा आणि इकडे त्याच्या भावाला मारायचं? शिवाय प्रदोष, पौर्णिमा, अमावास्या. भाऊजींनी बोटं मोजली आणि कपाळावर हात मारला.

"वहिनी, महिन्यातले किती दिवस उरले? ससे काय उपाशी मरतीन तवर?"

आणि खरंच, ससे नेमके एकादशीला यायचे! भाऊजी म्हणायचे, "वहिनीचं पंचांग बिळाबिळात वाचून राह्यले बे!"

वन्संनी मात्र माझा शब्द मोडला नाही. उपासाच्या दिवशी त्या रिकामी रायफल घेऊन माळ्यावर बसायच्या, ससा दिसला की नुसती गोळी भरायची कळ मागे-पुढे करायच्या. खट्, खट्! बार व्हायच्या आधी हाच आवाज येतो, हे आठ दिवसांत सशांना पाठ झालं. गोळी नाही, धूर नाही. खट् झालं की कान पाठीला लावून पार नाल्यापल्याड! त्या हंगामात मी दिवे लावले सातच. बाकीचे ससे माझ्या व्रतांवर जगले आणि हरभराही जगला. करीमचाचांना सांगितलं तर म्हणाले, "रिकाम्या बंदुकीची शिकार आम्ही आज पाह्यली!"

*

आणि हे शेवटचं.

माघ सरत आला. हरभरा कमरेला लागायचा बाकी होता, घाटे टच्च भरलेले. मामंजींनी निरोप धाडला होता की सोंगणीआधी पीक डोळ्यांनी पाहीन, मगच काय ते बोलीन. आम्ही सगळे शेतावर जमलो. मी मनात जप धरला होता. वन्सं माळ्यावर, मांडीवर रायफल.

मामंजी काठी टेकत आले. उभ्या आयुष्यात हा माणूस कोणाच्या शेतात विचारून शिरला नव्हता, पाटीलच ते. सरळ पिकातून चालायचे आणि लोक बाजूला व्हायचे.

ते धुऱ्यापाशी, म्हणजे शेताच्या बांधापाशी, आले आणि थांबले. इकडून तिकडं सगळा हरभरा पाहिला. एक घाटा तोडला, फोडला, दाणा तोंडात टाकला. मग पायातल्या वहाणा काढून धुऱ्यावर ठेवल्या, वर पाहिलं आणि मोठ्यानं हाक मारली.

"काशीबाई! तुमच्या वावरात येऊ काय?"

आम्ही सगळे एकमेकांकडे पाहायला लागलो. ह्यांनी फेट्याचा शेव डोळ्यांना लावला.

वन्संनी मांडीवरची रायफल बाजूला ठेवली. मग त्यांचा खणखणीत आवाज आला.

"या ना बाबा. पन धुऱ्याधुऱ्यानं या. हरभरा तुडवू नका!"

आणि मामंजी अनवाणी, काठी टेकत, अख्ख्या तीन एकरांना वळसा घालून आले.