जादूगाराचं कोकरू

घोंगडी उन्हात टाकली की लोकरीचा वास सुटतो आणि मला इंदापूरची ती जादूची जत्रा आठवते. त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. कळंबहून आमचं सगळं घर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेलं होतं. भेळेचा वास, धुरळा आणि तंबूतंबूतून जादूगार. मोठ्या तंबूत आम्ही पुढंच बसलो, तर काळ्या झग्यातल्या जादूगारानं माझ्या सासऱ्यांना वर बोलावलं, न विचारता त्यांचा पटका उचलला, त्यातनं कबूतर काढलं आणि पटका आपल्या जोडीच्या विदूषकाच्या डोक्यावर ठेवला. "आबा, डोक्यात खुराडं पाळलंय काय?" सगळा तंबू हसला. सासरे बोडक्या डोक्यानं खाली येऊन बसले, मान वर करीनात. मी घरची सून, पण त्यांचं डोकं उघडं कधी पाहिलं नव्हतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मग जादूगारानं टेबलावरच्या पेटीत पांढरं कोकरू घातलं आणि काळं बाहेर काढलं. म्हणाला, "पांढरं गेलं आभाळात." आता आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेलं. आई मेलेल्या कोकराला बाटलीनं पाजताना मेंढीगत ओरडावं लागतं, तशी मी पदराआडून ओरडले. टेबलाच्या कापडाखालनं पांढरं कोकरू बें बें करत निघालं, ते थेट माझ्या मांडीवर. सासरे म्हणाले, "आभाळ लई जवळ हाय की रं." तंबू हसून लोळला. जादूगार कोकरू मागायला आला. "आधी पटका," मी म्हटलं, "तुझ्या हातानं आण, आन् समद्यांम्होरं माफी माग." आबांनी शेवटचा पेच बांधेपर्यंत मी कोकरू सोडलं नाही. आता आबा नाहीत, मेंढरंही नाहीत. पण घोंगडी झटकताना मी तसं एकदा ओरडून बघते. घसा अजून शाबूत हाय.