वाघरीएवढं गवत

गावच्या उजाड माळावर यंदा एकाच जागी गवत आलंय. अगदी चौकोनी, शाळेच्या वर्गाएवढं. बाकी नुसता मुरूम. या माळाची राखण माझ्याकडे आहे. मी खड्डे खणले, रोपं लावली, कुंपण घातलं, फाटकावर ‘चराईबंदी’ स्वतःच्या हातानं रंगवलं. रोपं वाळली, आणि आता मीही दमलोय.

त्या गवताशी उकिडवा बसलो तेव्हा कुठे चौकोन ओळखीचा वाटला. गेल्या उन्हाळ्यात एका धनगरणीनं इथेच वाघर लावली होती. वाघर म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी. एक मेंढी व्याली म्हणून ती दोन रात्री थांबली. तिसऱ्या सकाळी मी फाटकात काठी आपटत ओरडलो, “लेंड्यांनी माळ घाण केलात सगळा!” ती जाळी गुंडाळून गेली. लेंड्या तेवढ्या राहिल्या.

इतकी वर्षं मी या जमिनीला नुसतं जपत होतो. तिच्यावर कुणीतरी येऊन बसायला हवं होतं, एवढंच.

आज तोच कळप रस्त्यानं आला. मी घाईघाईनं फाटक उघडलं.

“ताई, आज इथंच बसवा मेंढ्या.”

“न्हाई दादा,” ती चालता चालता म्हणाली, “म्होरच्या गावात शब्द दिलाय.”

तिच्या आवाजात राग नव्हता. मेंढ्यांनी मात्र मला फाटकात उभं पाहिलं आणि कुणी न हाकलताच लांबून वळसा घातला.