शेजारी बसणारी

दादाचा फोन आला तेव्हा मी नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. "आपला तो राजाचा गेम आठवतो का गं? तो नव्याने काढलाय. मी घेतला. ये रविवारी, बसून खेळू." काही कारण नसताना भावाने बहिणीला घरी बोलवावं, हे आमच्याकडे फारसं घडत नाही. मी ओला टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिले. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "आणि आधार कार्ड आण. आमच्या गेटवर हल्ली फार कटकट करतात."

मला आनंद झाला. चांगला झाला. आठवडाभर भाजी निवडताना माझ्या डोक्यात त्या खेळातले रस्ते फिरत होते.

आमचे बाबा कारखान्यात होते आणि कंपनीने त्यांना एकदा जपानला शिकायला पाठवलं होतं. इतरांचे वडील परदेशातून चॉकलेटं आणायचे. आमच्या वडिलांनी खेळाचं एक यंत्र आणलं आणि सोबत एकच खेळ, तोही अख्खा जपानी भाषेत. तिकडची वीज वेगळी, त्यामुळे मध्ये विटेएवढा ट्रान्सफॉर्मर लावावा लागायचा. तो असा तापायचा की आई पावसाळ्यात त्याच्याजवळ मोजे वाळत घालायची. तिकडचे रंगही आमच्या टीव्हीला समजायचे नाहीत. सगळं राज्य काळं-पांढरं दिसायचं.

खेळात एक राजा होता आणि त्याच्या मुलुखावर चहूकडून संकटं यायची. कुठलं आधी निस्तरायचं याला काही नियम नव्हता. बर्फात जा, वाळवंटात जा, नाहीतर बंदरावर जा. जिथे जायला उशीर व्हायचा तिथलं गाव बुडायचं, आणि खेळ तुम्हाला न रागावता पुढे चालू राहायचा. राजा मरायचा. मग चार चेहरे समोर यायचे, त्यातून वारस निवडायचा, आणि मेलेला आयुष्यभर जे शिकला ते सगळं नव्याच्या अंगी यायचं. मला तेव्हा हे फार न्यायाचं वाटायचं.

बटणं दादाच्या हातात असायची. तो मोठा, आणि मुलगा. लढाया त्याने लढायच्या आणि रस्ते मी सांगायचे, अशी आमची वाटणी होती. ती कुणी ठरवलेली नव्हती, पण त्याच्या काही लक्षात राहायचं नाही आणि माझ्या सगळं राहायचं. मिठाच्या खाणीपाशी बसलेल्या म्हाताऱ्याशी बोलल्याशिवाय नावाडी होडी सोडत नाही, हे मला ठाऊक होतं. भाषा येत नव्हती, म्हणून मी अक्षरांचे आकार ध्यानात ठेवले होते. शिडीसारखं अक्षर पहिलं आलं की होकार, खुर्चीसारखं आलं की नकार. दादा विचारायचा, "आता?" आणि मी सांगायचे.

त्या चार चेहऱ्यांत कधीकधी एक बाई असायची, हातात धनुष्य घेतलेली. तिची ताकद बाकी तिघांपेक्षा जास्त होती, आणि आकडे काही जपानी नव्हते, ते आम्हाला वाचता यायचे. मी म्हणायचे, हिला घे. दादा म्हणायचा, "बाई कुठे राजा असते का?" खुर्चीत पेपर वाचत बसलेले बाबा पेपर खाली न करता हसायचे. ते हसणं मला अजून ऐकू येतं, आणि अजून आवडत नाही.

पुढे दादाची बारावी आली आणि यंत्र जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेलं. खेळाचा शेवट आम्ही पाहिलाच नाही.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. बाबा गेल्या वर्षी गेले. शेवटच्या काही महिन्यांत त्यांना उठता येत नव्हतं. दादाला हडपसरहून येरवड्याला बाबांच्या घरी यायला जमायचं नाही, त्याच्या मीटिंगा असायच्या. मी पेठेतून रोज जायचे, भरवायचे, कूस बदलून द्यायचे, मग खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसायचे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे आता आहे, तेव्हा नव्हती.

तर रविवारी बस बदलून हडपसरला पोचले. गेटवरच्या वॉचमनने वहीत फ्लॅट नंबर लिहिला आणि आत सोडलं. आधार कार्ड त्याने मागितलं नाही. मला वाटलं, माणूस बघून ठरवत असतील.

दादाच्या हॉलमधला टीव्ही आमच्या कपाटाएवढा आहे. भाची आधीच सोफ्यावर मांडी घालून बसली होती. खेळ सुरू झाला. तोच किल्ला, तेच बंदर, पण रंगीत. धनुष्यवाल्या बाईचे केस तांबडे निघाले. इतकी वर्षं मी ते काळे धरून चालले होते.

"आता डावीकडे घे," मी दादाला म्हटलं. "तिथे तो म्हातारा..."

"आत्या, ॲरो आहे ना," भाची म्हणाली.

खरंच होता. कुठे जायचं, कुणाशी बोलायचं, सगळ्यावर ठळक खूण होती, आणि कोपऱ्यात छोटा नकाशा. बोलणी इंग्रजीत होती. म्हातारा मिठाबद्दल काही बोलतच नव्हता. त्याचा मुलगा हरवला होता आणि तो नावाड्याला सांगा म्हणून विनवत होता. लहानपणी मी त्या बिचाऱ्याला मिठाचा व्यापारी करून टाकलं होतं. मी दोनदा बोलायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा बाण माझ्या आधी पोचला.

भाची म्हणाली, "बाबांनी हा गेम लहानपणी जपानीमधून खेळलाय. एकट्याने. तू फक्त शेजारी बसायचीस ना?"

मी दादाकडे पाहिलं. त्याने टीव्हीवरची नजर काढली नाही. "हो ना. शेजारी बसून हट्ट करायची," तो म्हणाला आणि हसला. अगदी बाबांसारखा.

एवढ्यात राजा मेला. चार चेहरे आले आणि दादाने क्षणभरही न थांबता तांबड्या केसांची बाई निवडली.

"बाई कुठे राजा असते का?" मी म्हटलं.

"कोण म्हणतं? हीच बेस्ट आहे, स्टॅट्स बघ की."

त्याला खरंच आठवत नव्हतं. तो खोटं बोलला असता तर मला कमी लागलं असतं.

जेवण झालं. वहिनींनी मसालेभात केला होता, वर मठ्ठा. ताटं उचलल्यावर दादा आतून एक फाइल घेऊन आला आणि वहिनी एक साडीचं खोकं. खोकं टीपॉयवर माझ्या बाजूला ठेवलं गेलं. तेव्हा मला कळलं. आमच्याकडे हे असंच होतं. वडिलांच्या घरातला वाटा मुलगी भावाच्या नावे सोडते, त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. भाऊ तिला साडी देतो आणि तिचं माहेर टिकतं. माझ्या आत्यांनी सह्या केल्या, आईनेही तिच्या भावासाठी केली. आई ती साडी सणावाराला नेसायची आणि कुणी विचारलं तर माहेरची म्हणून सांगायची.

"येरवड्याची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय," दादा म्हणाला. "उद्या अकराची वेळ घेतलीय रजिस्ट्रेशनला. आज इथेच राहा. वाचलं नाहीस तरी चालेल, साधंच आहे. आधार आणलंयस ना? खालीच झेरॉक्स काढतो."

माझा हात पर्सवर होता, तो मी तिथेच ठेवला.

मी वाचलं. मराठीत होतं, सगळं समजत होतं. मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, वगैरे लिहिलेलं होतं.

"हे फोनवर का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

"आले असते," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. "सहीही केली असती बहुतेक."

"मग कर ना."

"आता नाही करणार."

दादाने फाइल मिटली. त्याचा आवाज चढत नाही, तो फक्त सपाट होतो. "त्या घराचं सगळं मी बघितलं. सोसायटी, विमा, बाबांचे डॉक्टर, सगळं मी. तू काय केलंस? नुसती शेजारी बसून असायचीस."

"अहो, पुरे," वहिनी म्हणाल्या. भाचीने टीव्हीचा आवाज कमी केला.

मला राग आला होता, पण घरावरून नाही. येरवड्याच्या त्या दोन खोल्या गेल्या असत्या तर मी एकदा रडले असते आणि विसरले असते. पण माझं लहानपण आणि बाबांचे ते महिने या माणसाने एकाच वाक्यात गुंडाळले होते, आणि ते वाक्य त्याने माझ्यासमोर दुपारभरात दोनदा वापरलं होतं. म्हणजे ते घरात नेहमीचंच असणार. भाचीला तर पाठ होतं.

"हो, शेजारीच बसायचे," मी म्हटलं. "शेवटी बाबा तुझी चौकशी करायचे. मीटिंगमध्ये आहे म्हणून मीच सांगायचे. शेजारी बसून."

मी चप्पल घातली. खोकं टीपॉयवरच राहिलं. वॉचमनने बाहेर पडायची वेळ वहीत लिहिली, आणि मी मुद्दाम त्याला विचारलं, इथे आधार कार्ड लागतं का हो? तो म्हणाला, "नाही मॅडम, कशाला?"

नंतरच्या रविवारी दादाचा फोन आला नाही. कुरियर आलं. साडीचं तेच खोकं होतं, वर दादाच्या अक्षरात माझा पत्ता आणि आत चिठ्ठी असेल तर तो जाणे. मी ते न फोडता कुरियरवाल्याकडेच परत पाठवायला दिलं. साडीचा रंग कोणता होता, ते मी पाहिलं नाही.