निळ्या राखणदाराचे वाचक

कॉमिक्स काढणाऱ्या माणसाला लोक विचारतात, अंक किती खपतो? ह्या प्रश्नाचं उत्तर मी टाळतो. किस्से किती जमले ते विचारा, भरपूर सांगतो! आमची एक प्रत एका घरात जाते, तिथून शेजारी, तिथून काजूच्या कारखान्यात, आणि सहा महिन्यांनी ती परत येते ती गजाल होऊन, म्हणजे नवा किस्सा घेऊन. बाजारात पावशेर मिरच्या आणायला गेलो तरी दोन गजाली पिशवीत पडतात.

आम्ही म्हणजे दोघं. मी जामसंड्याच्या शाळेत मराठी शिकवतो. माझा मित्र संजय दुकानांचे बोर्ड आणि होड्यांवरची नावं रंगवतो. गोष्ट माझी, चित्रं त्याची. आमच्या हिरोचं नाव वसंत. वसंत ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस. रोज व्हॉल्व्ह फिरवतो आणि अख्ख्या गावाच्या शिव्या खातो. पण गावावर संकट आलं की तोच तोंडाला निळं फडकं बांधतो, 'निळा राखणदार' होतो आणि बुडती होडी खांद्यावर घेऊन किनाऱ्याला आणतो. हे त्याच्या घरच्यांनाही ठाऊक नाही.

निळाच का? छापखान्यात काळ्याखेरीज तेवढी एकच शाई होती!

*

बाजूच्या एका गावात भिकू नावाचा खराखुरा पाणी सोडणारा आहे. तिसरा अंक निघाला आणि एक दिवस भिकू संजयच्या दुकानात येऊन उभा राहिला. चेहऱ्यावर हसू नाही. आता हा भांडणार, अशा तयारीने आम्ही चहाचे कप खाली ठेवले.

"पुढचो अंक कधी येतलो?"

"का रे?"

"अंक इलो काय नळावरच्यो बायलो माझ्याशी बऱ्यापैकी बोलतत. 'भिकू, तुका जमात तेव्हा सोड हां पाणी,' म्हणतत. ह्योच तो आसलो तर, असो तेंका संशय. गेल्या म्हयन्यात तुमी अंक काढूक नाय, तर परत गाळी घालूक लागल्यो!"

*

मिठबावला मी ज्यांच्याकडून मासे घेतो त्या शेवंतीमावशी. त्यांच्या नातीने त्यांना अंक वाचून दाखवला होता. मला बघताच त्यांनी टोपलीवरचा हात काढला आणि थेट विषयाला हात घातला.

"रे मास्तरा, तोंडाक फडक्या बांधल्यान तर गावाक वळखूक येणा नाय? खंयचो गाव तो?"

"मावशी, गोष्ट आहे ती."

"गोष्ट आसली म्हणान काय झाला? मी माणसाक चालण्यावरसून वळखतंय. तोंड बघूक लागणाच नाय."

मी म्हटलं, मावशी, एवढं सोपं नसतं ते.

"नसता? गेल्या आयतवारी हेल्मेट घालून, त्या पलीकडच्या भागीकडसून सुरमय कोणी घेतल्यान?"

त्या दिवशी त्यांनी सांगितला तो भाव मी दिला.

*

एका दुपारी फोन आला. आवाज वयस्कर बाईंचा, कणकवलीकडच्या. नातवंडांच्या तोंडी सारखं वसंतचं नाव ऐकत होत्या. अंक त्यांनी स्वतः पाहिलेला नव्हता.

"वसंताचा आडनाव काय?"

"आम्ही दिलेलं नाही."

"बरा, मूळ गाव खंयचा? नोकरी कायम आसा मा? दारू पिणा नाय, लोकांक मदत करता, असा ऐकलंय."

माझ्या डोक्यात आता कुठे प्रकाश पडला. मी म्हटलं, "आजी, लग्न झालंय त्याचं. मुलगी आहे त्याला."

आजींनी माघार घेतली नाही.

"मगे धाकटो भाव आसा काय?"

*

तात्या हे निवृत्त मुख्याध्यापक. ते संजयच्या दुकानात आले तेव्हा हातात अंक गुंडाळलेला होता, छडीसारखा. त्यांचा आक्षेप धार्मिक होता. राखणदार म्हणजे गावाची राखण करणारा देव. त्याच्या खांद्यावर घोंगडी, हातात काठी. ह्या पोरांनी त्याचं हे काय केलंय?

"आमचो राखणदार विजारीवरसून चड्डी घालणा नाय!"

संजयने सांगायचा प्रयत्न केला, की तात्या, हिरोंचा ड्रेसच तसा असतो. तात्यांनी ऐकलं नाही. चूक झाली आहे तर गाऱ्हाणं घालायचं, आणि ते आत्ताच. दुकानात तेव्हा बोर्ड न्यायला आलेली चार-पाच गिऱ्हाइकं होती. तात्यांनी सगळ्यांना चपला काढून उभं केलं.

"बा देवा म्हाराजा, ही दोन पोरां चुकली आसत!"

"व्हय म्हाराजा!" गिऱ्हाइकं.

"तेंच्या चुकी पोटात घाल, आणि तेंका थोडी अक्कल दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे जरा जास्तच जोरात. एकाचा बोर्ड पंधरा दिवस रखडला होता.

सगळे पांगले. तात्या मागे राहिले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "आता माका एक अंक दी. आजपर्यंत नातवाचो लपान वाचतंय."

*

धामापूरच्या एका शाळेने आम्हाला मुलांशी गप्पा मारायला बोलावलं होतं. होडी खांद्यावर कशी मावते, वसंत पोहायला कुठे शिकला, असे प्रश्न आले. त्यांची उत्तरं आम्ही पाठ करूनच गेलो होतो. मग शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"सर, त्याच्या बायकोला कळत कसं नाही? ते निळे कपडे धुतं कोण?"

मुख्याध्यापिका खिडकीबाहेर तळ्याकडे बघत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

पुढच्या अंकात संजयने अख्खं पान खर्च करून वसंतला व्हाळाच्या पाण्यात कपडे धुताना दाखवला. आमचा आजवरचा सगळ्यात गाजलेला अंक तो! आणि आजवरची सगळ्यात कडक तक्रारही त्याच अंकावर आली. जामसंड्यातल्या एका किराणा दुकानदाराने मला भर रस्त्यात अडवलं.

"तुमका दुसरा काय दाखवूक मिळाला नाय? आता माझी बायल म्हणता, राखणदार धुता, तू कोण मोठो लागून गेलंस?"

*

आता एक किस्सा राहिला. ह्यातली नावं मी बदलली आहेत, आणि गाव सांगत नाही.

अकराव्या अंकाच्या शेवटी आम्ही छापलं होतं, 'पुढील अंकात: वसंतच्या मुलीला सगळं कळणार?' त्यानंतरच्या रविवारी दत्ताराम माझ्या घरी आले. पन्नाशीचे गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. ओळख नमस्कारापुरती. मालवणच्या बाजूला एका रिसॉर्टात मॅनेजर आहेत, एवढं मला माहीत होतं. चहा झाला. मग एकदम म्हणाले,

"मास्तर, ता छापू नका."

"काय?"

"वसंताच्या चेडवाक कळता, ता."

मी हसलो. ते हसले नाहीत. मग तुकड्यातुकड्यांनी बोलले. चार वर्षांपूर्वी त्यांचं दुकान बंद पडलं. भातशेती आणि थोड्या काजूवर घर चालेना. रिसॉर्टात काम मिळालं ते भांडी घासायचं. घरी आणि गावात सांगितलं मॅनेजर. रोज इस्त्रीचा शर्ट घालून मोटरसायकलवरून जायचं, रिसॉर्टच्या मागे पाण्याच्या टाकीआड कपडे बदलायचे, दिवसभर मोठाली टोपं घासायची, संध्याकाळी आंघोळ करून पुन्हा तोच शर्ट.

"माझा चेडू तुमचो दर अंक वाचता. वसंताच्या चेडवाक कळला, तर ह्याच्या मनात पण येतला, आपलो बापूस खंय जाता. मगे तोंड कसा दाखवू?"

"दत्ताराम, गोष्ट आसा ती."

"तुमका गोष्ट," ते म्हणाले. "आमच्या घरात अंक येता."

मी कबूल काहीच केलं नाही. बघतो म्हटलं.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांची मुलगी फाटकापाशी उभी होती. रेश्मा. दहावीला माझ्याच वर्गात होती, आता बारावीला.

"सर, पुढच्या अंकात मुलीला कळणार आहे का?"

मला वाटलं, वडिलांनीच पाठवली. म्हटलं, "अजून ठरलं नाही. का गं?"

"तिला आधीपासून माहीत असतं ना, सर?"

तिने दप्तराचा पट्टा घट्ट धरला होता.

"मैत्रिणीच्या ताईचा साखरपुडा होता, बाबांच्या रिसॉर्टात. मी म्हटलं, जाऊन बाबांना चकित करू. ऑफिसात विचारलं तर त्या नावाचे मॅनेजर नाहीत म्हणाले. मी हात धुवायला मागच्या बाजूला गेले, तर... त्यांची पाठ होती माझ्याकडे. त्यांनी बघितलं नाही."

"मग?"

"पोट दुखतंय सांगून घरी आले. संध्याकाळी बाबा आले. मी विचारलं, आज गर्दी होती का? म्हणाले, होती गो, एक साखरपुडा होता."

"कधीची गोष्ट ही?"

"दोन वर्षं झाली." मग घाईघाईने म्हणाली, "सर, गोष्टीतल्या मुलीला कळू दे. पण तिला कळलंय, हे वसंतला कळायला नको. तेवढं जमवा."

संजयला मी कुणाचं नाव सांगितलं नाही. फक्त काय पाहिजे ते सांगितलं. त्याने ते पान चार वेळा काढलं. वसंत घाईघाईत घरी येतोय, निळं फडकं गळ्यातच राहिलंय, आणि ओसरीवर सरपंच बसलेत. विहिरीवरून मुलगी ओरडते, "बाबा, आधी मागल्या दारान येवन पाय धुवा, चिखल आसा!" चित्रात वसंतच्या पायांना चिखल कुठेच नाही.

अंक आला त्या दिवशी दत्ताराम स्वतः संजयच्या दुकानात आले. मी तिथेच होतो. त्यांनी उभ्याउभ्या ते पान काढलं, एकेका चौकटीवर बोट ठेवत वाचलं. पुन्हा पहिल्या चौकटीपासून वाचलं. अंकाची घडी घालून पेनाशेजारी खिशात ठेवली, मोटरसायकलवर बसले, किक मारायच्या आधी माझ्याकडे वळले.

"बरा केलात, मास्तर. चेडवाक काय एक कळूक नाय!"